रत्नाचा शाप आणि रत्नाचा धनी

नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण अभ्यंगस्नान करतो, अंगठ्याखाली कारीट फोडतो आणि नरकासुर मेला असे समजून फराळाला बसतो. परंतु गोष्ट तिथे संपत नाही. ह्या नरकासुराने देवमाता अदितीची कुंडले पळवली होती, आणि त्याला मारल्यावर श्रीकृष्ण ती कुंडले तिची तिला पोचती करण्यासाठी स्वर्गापर्यंत गेला, असे भागवतात सांगितले आहे. राक्षस मारणे हे अर्धे काम झाले. उरलेले अर्धे काम म्हणजे चोरीचा माल धन्याला परत देणे. हे उरलेले अर्धे आपल्या घरांत फटाक्यांच्या आवाजात बुडून जाते. माझ्याही घरात ते इतकी वर्षे बुडूनच गेले होते. यंदा ते वर आले, आणि तेही कुठल्या कीर्तनामुळे नव्हे, तर एका जुन्या इंग्रजी भयपटामुळे!

चित्रपटाचे नाव ‘द घूल’. भाच्याने तो आपल्या संगणकावर लावून दिला तेव्हा आई स्वयंपाकघरात अनारशांचे पीठ मळत होती. तिथूनच तिने विचारले, “काय रे, गुळाचा सिनेमा काढलाय की काय कुणी?” भाचा म्हणाला, “आजी, गूळ नव्हे, घूल. थडग्यातलं भूत!” त्यावर ती म्हणाली, “सणासुदीला बरं सुचतं तुम्हां मामा-भाच्यांना!” तिचे म्हणणे खोटे नव्हते. पण शाळामास्तराला रिकामा वेळ मिळतो तो सणासुदीलाच, आणि रहस्यकथा लिहिणाऱ्याला भुताचे सोयरसुतक नसते.

‘द घूल’ हा १९३३ सालचा बोलपट. गोमाँ-ब्रिटिश कंपनीने तो इंग्लंडात काढला, दिग्दर्शन टी. हेज हंटर यांचे, आणि मुख्य भूमिकेत बोरिस कार्लोफ. त्याआधी दोनच वर्षे अमेरिकेत ‘फ्रँकेन्स्टाइन’ निघाला होता आणि कार्लोफचा चेहरा जगभर झाला होता. १९०९ साली नशीब काढायला कॅनडाला गेलेला हा माणूस सुमारे पाव शतकाने मायदेशी परतला, तो ह्या चित्रपटासाठी. पुढे चित्रपटच हरवला. कित्येक वर्षे तो नामशेष झाला असेच सगळे धरून चालले होते. १९६९ साली प्रागमध्ये त्याची एक झिजलेली, कापलेली प्रत सापडली, तिच्यावर चेक भाषेतली उपशीर्षके होती. त्यानंतर १९८०च्या सुमारास इंग्लंडातल्या शेपर्टन स्टुडिओच्या एका बंद पडलेल्या कोठीत जवळजवळ निर्दोष निगेटिव्ह हाती लागली. थडग्यातून उठणाऱ्या माणसाचा चित्रपट स्वतःच थडग्यातून उठला! हा योगायोग मी एखाद्या कादंबरीत घातला असता तर संपादकांनी लाल शाईने कापला असता.

कथा थोडक्यात अशी. प्राध्यापक मॉर्लंट हा इजिप्तच्या पुराणवस्तूंचा अभ्यासक मरणाच्या दारी आहे. आपली बहुतेक सारी संपत्ती ओतून त्याने एक रत्न मिळवले आहे, त्याचे नाव ‘शाश्वत प्रकाश’. ते इजिप्तमधल्या एका थडग्यातून चोरून आणलेले आहे. आपल्याला पुरताना हे रत्न आपल्या हातात असले, आणि पौर्णिमेच्या रात्री ते आपण अनुबिस देवाला अर्पण केले, तर आपल्याला अमरत्व मिळेल अशी त्याची श्रद्धा. लेंग नावाच्या नोकराला तो ते आपल्या हातावर पट्टीने बांधायला लावतो आणि बजावतो की, रत्न कुणी चोरले तर मी परत येईन आणि त्याचा जीव घेईन. धनी मरतो. नोकर रत्न काढून घेतो. मग त्या घराकडे एकेकाची पावले वळू लागतात : भाऊबंदकीत अडकलेले दोन तरुण वारस, एक वकील, एक गोडबोल्या पाद्री, आणि रत्नाच्या मागावर आलेले दोन इजिप्शियन. पौर्णिमा येते. थडग्याचे दार उघडते.

ह्या चित्रपटाची खरी ताकद कथेत नाही, उजेडात आहे. छायाचित्रकार ग्युंटर क्रांफ आणि कलादिग्दर्शक आल्फ्रेड युंगे हे दोघेही जर्मन चित्रपटांच्या तालमीत घडलेले. १९२० नंतरच्या जर्मन मूकपटांनी जगाला एक विद्या शिकवली : भिंतीवरची सावली माणसापेक्षा मोठी करा, म्हणजे माणूस काहीही न बोलता भयंकर होतो. आपल्याकडे कंदिलाच्या उजेडात वाढलेल्या पिढीला हे कुणी शिकवावे लागले नाही. माजघरातल्या फडताळाची सावली किती मोठी होते ते आमच्या आजोबांना ठाऊक होते. पण कॅमेऱ्याने ते पकडणे निराळे. मॉर्लंटच्या शेजघरात उजेड खालून येतो, चेहऱ्याच्या भुवया कपाळावर चढतात, गालांत खड्डे पडतात. पलंगावरचा मरणासन्न माणूस बोलतो तेव्हा शब्दांपेक्षा त्याच्या नाकपुड्यांकडे आपले लक्ष जाते. पुनरागमनानंतर तर कार्लोफ जवळजवळ बोलतच नाही. चालतो, थांबतो, हात पुढे करतो. बोलपट येऊन चारपाच वर्षे झाली होती, सारे नट तोंडाची टकळी लावून होते, आणि हा नट मूकपटाचे सारे भांडवल घेऊन एकटा उभा होता. अनुबिसच्या मूर्तीपुढे तो गुडघे टेकतो आणि उघड्या छातीवर सुरीने एक चिन्ह कोरतो, तो प्रसंग मी दोनदा पाहिला. तिसऱ्यांदा पाहण्याचे धैर्य झाले नाही, आणि खरे सांगायचे तर आईने हाक मारली.

बाकीच्या गोष्टींबद्दल फार लिहीत नाही. मधला अर्धा तास हा अंधाऱ्या वाड्यातला लपंडाव आहे. ही खोली, ती खोली, एक किंचाळी, एक विनोद. विनोदाची जबाबदारी नायिकेच्या मैत्रिणीवर टाकलेली आहे. अरब सरदारांच्या प्रणयकथा वाचून ती भाबडी बाई त्या इजिप्शियनावर भाळते. हा भाग आज पाहताना हसू कमी आणि ओशाळे जास्त वाटते. पाद्र्याच्या भूमिकेत मात्र राल्फ रिचर्डसन आहेत. पुढे इंग्लंडच्या रंगभूमीवर ज्यांचे नाव झाले, त्यांचा हा पहिलाच चित्रपट. हा पाद्री खरा पाद्री नसतो, आणि अनुबिसच्या मूर्तीचा हात रत्नावर मिटतो तेव्हा तो हात देवाचा नसून मूर्तीमागे दडलेल्या ह्या भामट्याचा असतो. मृत मॉर्लंटही मेलेला नव्हताच म्हणे! त्याला देह ताठरून पडण्याचा रोग होता, आणि डॉक्टरांची फसगत झाली. एवढी भीती घालून झाल्यावर शेवटी ‘काही नाही, दोरी होती, साप नव्हता’ असे सांगणारे चित्रपट मला उधारीवर जेवण घालून नंतर बिल पाठवणाऱ्या खानावळीसारखे वाटतात.

हा चित्रपट पाहिल्यावर, सहामाही परीक्षेच्या आधी, एका पावसाळी शनिवारी शेवटच्या तासाला मी ही गोष्ट सातवीच्या वर्गाला सांगितली. बाहेर पाऊस, वर्गात अंधार, पोरे कानांत प्राण आणून ऐकत होती. गोष्ट संपली तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. हा मुलगा गणितात नेहमी नापास होतो. तो म्हणाला, “गुरुजी, पण ते रत्न मुळात कुणाचं होतं?” मी म्हणालो, “मॉर्लंटचं. त्यानं पैसे मोजले होते.” तो म्हणाला, “चोरीची सायकल पैसे मोजून घेतली तर ती घेणाऱ्याची होते का?” घंटा झाली म्हणून मी वाचलो.

घरी आल्यावर ध्यानात आले की ह्या पोराने चित्रपटाच्या मर्मावर बोट ठेवले आहे. आपल्या खेड्यापाड्यांत समज आहे की, पुरलेल्या धनात जीव गुंतलेला माणूस मेल्यावर भुजंग होतो आणि हंड्यावर वेटोळे घालून बसतो. मॉर्लंट हा असाच भुजंग आहे. पण आपल्या कथेतला भुजंग निदान स्वतःच्या धनावर बसतो. मॉर्लंट दुसऱ्याच्या धनावर बसला आहे! ज्यांच्या थडग्यातून रत्न गेले ते इजिप्तचे लोक पडद्यावर संशयित म्हणून वावरतात, आणि ज्याने ते विकत घेतले तो सूड घ्यायला थडग्यातून उठतो. सूड घेण्याचा अधिकारसुद्धा खरेदीखताबरोबर हस्तांतरित झाला आहे.

ही उलटापालट एकट्या ह्या चित्रपटाची नाही. शापित रत्नांच्या साऱ्या कथांची गंगोत्री म्हणजे विल्की कॉलिन्सची ‘द मूनस्टोन’ ही १८६८ सालची कादंबरी. तिचा आरंभ आपल्याच देशात होतो. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडते, टिपूच्या कोठारात लुटालूट माजते, आणि हर्नकॅसल नावाचा इंग्रज अधिकारी रक्षकांचे खून करून चंद्रदेवाचा हिरा उचलतो. पुढे तो हिरा त्याच्या भाचीला वाढदिवसाची भेट म्हणून मिळतो आणि त्याच रात्री नाहीसा होतो. तीन ब्राह्मण गारुड्यांच्या वेषात हिऱ्याच्या मागावर इंग्लंडात आलेले असतात. माझे इंग्रजी मॅट्रिकच्या वर्गातले, त्यामुळे ही जाडजूड कादंबरी मी एका उन्हाळ्याच्या सुट्टीत शब्दकोश मांडीवर घेऊन वाचली. शेवटच्या पानांवर मात्र शब्दकोश बाजूला राहिला. हिरा सोमनाथला परत जातो. समुद्र ओलांडल्याने आणि हातून खून घडल्याने जात गमावलेले ते तिघे ब्राह्मण मूर्तीच्या कपाळी हिरा चमकत असताना एकमेकांचा निरोप घेतात आणि तीन दिशांनी तीन यात्रांना निघून जातात, पुन्हा कधीही न भेटण्यासाठी. १८५७ला अवघी अकरा वर्षे झाली होती. त्या काळात एका इंग्रज कादंबरीकाराने चोर आपला आणि धनी त्यांचा असे लिहावे, ह्याला छाती लागते.

आता ह्याच कादंबरीवरचा १९३४ सालचा अमेरिकन बोलपट पाहा. मोनोग्राम ही काटकसरीने चित्रपट काढणारी कंपनी, दिग्दर्शक रेजिनल्ड बार्कर, लांबी जेमतेम तासाभराची. हिरा आहे, वादळी रात्र आहे, पोलिस आहे, सावकार आहे. तीन ब्राह्मण मात्र नाहीत. त्यांच्याऐवजी यांडू नावाचा एक हिंदू नोकर उरला आहे; एका गोऱ्या नटाने ती भूमिका केली आहे, आणि त्याचे काम दाराआडून डोकावणे आणि प्रेक्षकांचा संशय ओढून घेणे, एवढेच. सोमनाथ तर पार गळाला आहे. कुणी म्हणेल, एका तासात कादंबरी कशी मावणार? बरोबर आहे, काहीतरी गाळावेच लागते. पण घर आवरताना कुणाची ट्रंक आधी बाहेर जाते, त्यावरून त्या घरात त्याचे स्थान कळते.

आणि मूकपटांच्या काळात गेलो तर प्रकरण आणखी मजेचे होते. १९२१ साली अमेरिकेत ‘द होप डायमंड मिस्टरी’ नावाचा पंधरा भागांचा मूकपट निघाला. होप हिऱ्याची खरी हकीकत अशी : ताव्हेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या हिंदुस्थानातून एक मोठा निळा हिरा घेऊन गेला. तो गोवळकोंड्याच्या मुलखातील कोल्लूरच्या खाणीतला असावा असे मानतात. १६६८ साली त्याने तो चौदाव्या लुईला विकला. १७९२ साली राज्यक्रांतीच्या धामधुमीत तो चोरीला गेला, पुढे नव्याने पैलू पाडून लंडनमध्ये अवतरला, आणि होप घराण्याकडे गेल्यामुळे त्याचे नाव होप झाले. आज त्याचे वजन ४५.५२ कॅरट आहे. मूर्तीच्या डोळ्यातून तो उपटला आणि म्हणून ताव्हेर्नियेला कुत्र्यांनी फाडून खाल्ले, ही कथा मागाहून रचलेली. ताव्हेर्निये १६८९ साली ऐंशीच्या पुढच्या वयात मॉस्कोला वारला. एवढे आयुष्य शापाने मिळत असेल तर शाप वाईट नाही! १९११ साली पिएर कार्तिए ह्या जवाहिऱ्याने वॉशिंग्टनच्या मॅक्लीनबाईंना हा हिरा विकला, तो शापाच्या कहाण्या रंगवून सांगून. अभद्र वस्तू आपल्याला शुभ ठरतात अशी त्या बाईंची समजूत होती. तेव्हा शाप हा ह्या व्यवहारात दोष नव्हता, जाहिरात होती. १९५८ साली हॅरी विन्स्टन यांनी तो हिरा स्मिथसोनियन संग्रहालयाला देऊन टाकला, आणि पाठवला तो रजिस्टर टपालाने!

त्या १९२१ सालच्या मूकपटात हिऱ्याच्या मागे लागलेल्या हिंदू पुजाऱ्याची भूमिका कुणी केली असेल? तेव्हा फारसे कुणाला माहीत नसलेल्या बोरिस कार्लोफने. त्याचे खरे नाव विल्यम हेन्री प्रॅट. वडील हिंदुस्थानात मिठाच्या महसूल खात्यात नोकरीला होते, आणि आईवडिलांच्या दोन्ही घराण्यांत हिंदी रक्त होते. म्हणजे पडद्यावरच्या त्या ‘हिंदू’मध्ये थोडा खरा हिंदू दडलेला होता, आणि ते तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाला माहीत नव्हते. बारा वर्षांनी तोच नट मॉर्लंट होऊन इजिप्तच्या रत्नावर हक्क सांगायला थडग्यातून उठतो. एकाच माणसाने लुटलेल्याची भूमिका केली आणि घेणाऱ्याचीही केली, आणि दोन्ही वेळा प्रेक्षक त्याला पाहून घाबरले.

इजिप्तबद्दलही दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण १९३०च्या सुमारास ही लाट उसळली ती तिथल्या एका बातमीमुळे. १९२२ साली हॉवर्ड कार्टरने तुतनखामेनचे थडगे उघडले. त्याला पैसा पुरवणारे लॉर्ड कार्नार्व्हन १९२३च्या एप्रिलमध्ये वारले, आणि वर्तमानपत्रांनी फारोच्या शापाचा डंका पिटला. थडगे प्रत्यक्ष उघडणारा कार्टर १९३९पर्यंत जगला. त्याबद्दल फारसा डंका वाजला नाही. त्या शोधाच्या बातम्या देणाऱ्या पत्रकारांतले एक जॉन बाल्डरस्टन. पुढे १९३२ सालच्या ‘द ममी’ ह्या गाजलेल्या भयपटाची पटकथा त्यांनीच लिहिली. त्यातही कार्लोफच! पण ह्या गदारोळात एक साधी गोष्ट मागे पडली. त्याच १९२२ साली इजिप्त स्वतंत्र राज्य म्हणून उभे राहिले होते, आणि थडग्यातल्या वस्तू कुणाच्या ह्यावरून नव्या सरकारचा आणि कार्टरचा १९२४ साली कडाक्याचा वाद झाला. वस्तू अखेर कैरोत राहिल्या. म्हणजे धनी जिवंत होता, भांडत होता, कागदपत्रे पुढे करीत होता. पडद्यावर मात्र तो धूळ झाडत उठणारे प्रेत होऊन आला. जिवंत माणसाच्या मागणीला उत्तर द्यावे लागते; भुताच्या मागणीला पळून गेले की पुरते.

आपल्या घराजवळचे उदाहरण घेऊ. नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वराच्या देवळातला म्हणून सांगितला जाणारा ‘नासक’ हिरा १८१८ साली दुसऱ्या बाजीरावाच्या पाडावानंतर कंपनी सरकारने लूट म्हणून घेतला, लंडनला नेला आणि विकला. १९४० साली त्याला नवे पैलू पाडले ते ह्याच हॅरी विन्स्टन यांनी. आज तो ४३.३८ कॅरटचा आहे, आणि परदेशातच आहे. त्याच्यावर शापाचा एकही गाजलेला चित्रपट माझ्या पाहण्यात नाही. मला वाटते, ज्या लुटीची नोंद सरकारी दप्तरात उघड आहे तिला शापाची गरज पडत नाही. शाप लागतो तो जिथे दप्तर कोरे आहे आणि मन पुरते कोरे नाही तिथे.

आपल्या पुराणातही रत्नावरून खून पडलेले आहेत. गणेशचतुर्थीला आपण ऐकतो ती स्यमंतक मण्याची कथा तर उत्तम रहस्यकथा आहे. सत्राजिताचा मणी गळ्यात घालून त्याचा भाऊ प्रसेन शिकारीला जातो आणि परत येत नाही. आळ येतो कृष्णावर. कृष्ण माग काढतो. प्रसेनाचे प्रेत, मग सिंहाचे प्रेत, मग अस्वलाची पावले, मग गुहा. जांबवंताला जिंकून मणी मिळाल्यावर तो काय करतो? ज्याने आपल्यावर चोरीचा आळ घेतला त्या सत्राजितालाच भरसभेत बोलावून मणी परत देतो. पुढेही त्या मण्यासाठी सत्राजिताचा खून होतो, शतधन्वा पळतो, मणी अक्रूराकडे जातो. रत्न माणसांना सुखाने बसू देत नाही. परंतु मणी कुणाचा, हा प्रश्न कथा एकदाही विसरत नाही. ‘द घूल’मध्ये तो प्रश्न कुणाही पात्राला पडत नाही. एवढ्या सुंदर सावल्या असलेला चित्रपट मनात ठरत नाही तो त्यामुळे.

हे सारे मी पडद्यावरच्या लोकांना सुनावतो आहे, पण माझ्याही घरात एक ट्रंक आहे. बाबूराव अर्नाळकरांची पुस्तके पांघरुणात लपवून वाचण्यात माझे बालपण गेले, आणि पुढे स्वतः लिहू लागलो तेव्हा पहिल्याच रहस्यकथेत मी देवीच्या नथीतले माणिक चोरीला घातले. चोर होता इनामदाराचा मुलगा. त्याला मी देखणा केला, पश्चात्ताप दिला, शेवटच्या प्रकरणात लग्नही लावून दिले. माणकाच्या मागे लागलेला म्हातारा पुजारी मात्र एका डोळ्याने अधू, कंबरेला सुरी, आणि शेवटी विहिरीत पडून मेला. कुणी वाचकाने तेव्हा तक्रार केली नाही, उलट पुजाऱ्याचे मरण फार आवडल्याची पत्रे आली. हे चित्र मी कुठून उचलले ते मला तेव्हा ठाऊक नव्हते. चोरीचा माल विकत घेणाऱ्यालाही बहुधा ते ठाऊक नसते.

परवा प्रकाशकाचे पत्र आले, ती कादंबरी पुन्हा छापायची आहे, काही दुरुस्त्या असल्यास कळवा. मी पुस्तक काढून पाहिले. साऱ्या दोनशे पानांत पुजारी तीनच वाक्ये बोलतो, आणि तिन्ही धमक्या आहेत. माणिक त्याच्या देवीचे आहे, हे त्याने कुठेच म्हटलेले नाही, कारण मी त्याला म्हणू दिले नाही. मुद्रिते दिवाळीनंतर यायची आहेत. विहिरीचे प्रकरण तूर्त वेगळे काढून ठेवले आहे, आणि शनिवारच्या शेवटच्या तासाला ते त्या मागच्या बाकावरच्या मुलाला वाचून दाखवायचे ठरवले आहे.